माप कोणाचं घेतलंत?

प्रति,
गाडीला जुंपायच्या जनावरांचा साज शिवणारे कारागीर, तो विकणारे दुकानदार आणि तो गरजूंना फुकट वाटणाऱ्या सेवाभावी संस्था यांस,

विषय : गाढवाच्या अंगाला बसेल असा साज मिळण्याबाबत.



मी पशुवैद्यक आहे. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्यापासून वीटभट्ट्यांवरच्या गाढवांसाठी शिबिरं भरतात, तिथे जाऊन बसतो. जंताचं औषध पाजायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन टोचायचं, वाढलेले खूर तासायचे आणि जखमांना मलम लावायचं, एवढंच माझं काम. यातलं शेवटचं काम कधी संपत नाही. गाढव बरं करून पाठवावं, तर पुढच्या शिबिराला तेच गाढव तीच जखम घेऊन दारात उभं. मालक म्हणतो, "साहेब, औषधात दम नाही." औषधात दम आहे हो. जखम रोगाची नसून पट्ट्याची आहे आणि पट्टा रोज सकाळी पुन्हा त्याच जागी बसतो. मलमाच्या नळ्या रिकाम्या करत बसण्यापेक्षा पट्टा जिथून येतो तिथे लिहावं, म्हणून हा पत्रप्रपंच.

रागावून लिहीत नाही. तुमच्या हातातली कला मी जाणतो. कानपूरच्या खोगीर-साजाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तिथला माल परदेशातल्या घोड्यांच्या अंगावर चढतो. चामडं कसं कमवावं, टाका कुठे दुहेरी घालावा, बक्कल कुठे यावं म्हणजे जनावराला टोचणार नाही, हे सगळं या देशात पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. आणि याच देशातल्या गाढवाच्या अंगावर काय असतं? नायलॉनची दोरी, गोणपाटाचा तुकडा, सायकलची फाटकी ट्यूब आणि हाताला लागेल त्या चिंध्या. जगभरच्या घोड्यांची मापं आपल्याकडे आहेत. दारातल्या गाढवाचं माप घ्यायला कोणाला फुरसत झाली नाही.

तुम्ही म्हणाल, महाराष्ट्रात गाढव गाडीला जुंपतं कोण? खरं आहे. आपल्याकडचं गाढव मुख्यतः पाठीवर वाहतं : भट्टीवरच्या विटा, नदीतली वाळू, जिथे ट्रॅक्टर चढत नाही तिथली खडी. भट्टीवर गाडी ओढणारी गाढवं, खेचरं आणि घोडे बघायचे तर उत्तर प्रदेशात जावं लागतं. सीमेपलीकडे कराचीत गाढवगाडीने शहराचा माल वाहिला आहे आणि ल्यारीत तिच्या शर्यतीही लागतात. मराठी माणसाला मात्र जुंपलेलं गाढव म्हटलं की आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुण्यावर फिरवलेला गाढवांचा नांगरच आठवतो. त्या गाढवांना नांगराला कसं जुंपलं असेल, जू मानेवर ठेवलं असेल की छातीला दोर बांधला असेल, हा प्रश्न माझ्यासारख्या धंदेवाईकालाच पडायचा.

पण अलीकडे आपल्याकडेही काही संस्था आणि काही भट्टीमालक गाढवाला हलकी दोनचाकी गाडी देऊन बघताहेत. मला ही कल्पना मनापासून पटते. पाठीवरचं ओझं गाढवाला सबंध वेळ तोलून धरावं लागतं, उभं राहिलं तरी ते उतरत नाही. तेच ओझं चाकावर गेलं की सपाट, कडक रस्त्यावर ते ओढायला त्याच्या वजनाच्या अगदी थोड्या अंशाएवढा जोर पुरतो. गाढव थांबलं की ओझंही थांबतं. म्हणून गाडी द्या, जरूर द्या. पण गाडीबरोबर साज चुकीचा दिलात तर तुम्ही जखम बरी केली नाहीत, पाठीवरून छातीवर हलवली, एवढंच.

असं घडताना मी पाहिलं आहे. एका संस्थेने गाड्या वाटल्या. मंडप, हार, फोटो, चार शब्द, सगळं यथास्थित झालं. प्रत्येक गाडीबरोबर साजाचं एक खोकं आणि खोक्यावर शिक्का 'स्मॉल'. हा स्मॉल म्हणजे लहान चणीचा तट्टू. मोठ्या भावाचा सदरा धाकट्याच्या अंगात घालावा तसा तो साज गाढवावर चढला. कपाळपट्टी आखूड, म्हणून ती कानांच्या मुळांत रुतली, कारण गाढवाचं कपाळ रुंद आणि कानाची मुळं जाड. गालावरचे पट्टे मात्र लांब, म्हणून लगामाची कडी ओठाच्या कोपऱ्याऐवजी खाली दातांवर खुळखुळत राहिली. छातीपट्टा मानेवरून तोलणाऱ्या पट्ट्याच्या शेवटच्या भोकात अडकवला, तरी खांद्याच्या सांध्यावर लोंबला. पोटाखालून आवळायच्या तंगाचं तर विचारूच नका. मालक शहाणा होता. त्याने चुलीत खिळा तापवून पट्ट्याला नवी भोकं पाडली आणि उरलेल्या लांबीची गाठ मारली. ती गाठ बरोबर पुढच्या पायाच्या कोपरामागे आली. पुढच्या शिबिरात तिथे रुपयाएवढी जखम होती आणि माश्या घोंगावत होत्या. संस्थेच्या अहवालात मात्र लाभार्थींचा आकडा होता, फोटो होते, बाकी खोगीरभरती होती. साज बसला का, याचा रकानाच नव्हता.

मालकाला दोष द्यायचं माझ्या मनात येत नाही. त्याने मिळालेल्या वस्तूतून जमेल ते केलं. खोक्यात ना मापं होती, ना चित्र, ना जादा भोकं, ना ते भोक पाडायचा पंच.

कारागीर मंडळी, आता जरा शरीराकडे वळू. हे तुम्हाला शिकवायला नको, पण गाढव मध्ये ठेवून बोललेलं बरं.

घोड्याच्या मानेच्या मुळाशी, खांद्यांच्या वर एक ठळक उंचवटा असतो. खोगीर किंवा गाडीच्या साजाची गादी त्याच्या मागे अडून बसते. गाढवात हा उंचवटा नावापुरता. पाठ जवळजवळ सपाट, खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत एका रेषेत. त्यातून पोटाचा घेर मागच्या बाजूला मोठा. म्हणजे वरून गादी अडवायला काही नाही आणि खालून पोट तंगाला पुढे ढकलतं. चालता चालता सगळा साज पुढे सरकतो आणि कोपरामागची पातळ कातडी सोलून निघते. घोड्याच्या साजात जी दुमची काही वेळा हौसेखातर असते, ती गाढवाला गरजेची आहे : गादीपासून पाठीवरून शेपटीपर्यंत जाणारा आणि शेपटीच्या मुळाखालून वळसा घेणारा पट्टा. पण ही दुमची दोरीची केलीत की शेपटीखाली कापतेच, कारण तिथली कातडी उघडी आणि नाजूक. इंग्लंडातले जुने कारागीर दुमचीचा शेपटीखाली जाणारा गोल भाग जवस भरून शिवत. जवसाचं तेल चामड्यात हळूहळू उतरतं आणि चामडं कडक होत नाही. जवस आपल्याकडे विदर्भात पिकतं, वाण्याकडे मिळतं. ही युक्ती फार खर्चाची नाही.

गादीबद्दल एकच हट्ट धरतो. पाठीचा कणा मोकळा ठेवा. गादी दोन उश्यांची हवी, एक कण्याच्या डावीकडे, एक उजवीकडे, मधे बोटं आरपार जातील अशी नाळ. भट्टीवरची गाढवं हडकुळी असतात, कण्याचे मणके वर आलेले असतात. त्यावर गोणपाटाच्या चार घड्या टाकून पट्टा आवळला की मणक्यांवरच भार येतो आणि पाठ लागते. पाठ लागलेलं गाढव महिनाभर कामाला नाही, हे मालकाला पक्कं ठाऊक असतं. ते टाळायचं कसं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

बैलाची गोष्ट निराळी. बैलाला वशिंड आहे, जू त्याच्या पुढे टेकतं आणि बैल मानेने-खांद्याने ओढतो. तरी जू नीट नसेल तर खांदेसूज येतेच. गाढवाला वशिंड नाही. ते छातीने आणि खांद्यांनी पुढे रेटतं. तरीही दुष्काळात बैल मेले म्हणून बैलांचंच जू गाढवांच्या मानेवर ठेवायचा प्रकार पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत सर्रास झाला. तिथल्या जनावरांवर काम करणाऱ्या मंडळींना छातीपट्टा कसा करायचा हे शिकवत गावोगाव हिंडावं लागलं. ही चूक जुनीच म्हणा. इराकमधल्या ऊर इथे सापडलेल्या आणि आता ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका जडावाच्या पेटीवर चारचाकी रथ ओढणारी जनावरं आहेत. त्या भागात गाडीला घोडा जुंपला जाण्याआधीचा तो काळ. सीरियात सापडलेल्या तशाच काळच्या हाडांच्या जनुकीय तपासणीतून २०२२ साली सिद्ध झालं की तेव्हा गाढवीण आणि रानगाढव यांचा संकर मुद्दाम पैदा करत असत, आणि रथाला जुंपत ती हीच जात असं अभ्यासक मानतात. रथाचा पहिला मान गाढवाच्या घराण्याचा. तेव्हाही त्यांच्या मानेवर जूच होतं, आणि आवरायला नाकात वेसण.

असो. छातीपट्ट्याकडे येतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या गाडीच्या जखमांत सर्वात वाईट जखमा तिथल्या. पट्टा रुंद हवा, निदान चार बोटं. आतून मऊ अस्तर. तो छातीवर आडवा, सपाट बसायला हवा : वर श्वासनळीच्या बुडाला न टेकता आणि खाली खांद्याच्या सांध्याच्या टोकावर न येता. या दोन्हींच्या मधली जागा गाढवात फार थोडी असते, तट्टूपेक्षा बरीच थोडी. म्हणून पट्ट्याची उंची ठरवणारा, मानेवरून जाणारा पट्टा कमी-जास्त करता आला पाहिजे आणि त्याला भरपूर भोकं पाहिजेत. पट्टा वर गेला तर गाढव गाडी ओढताना घोरतं, मान वर करतं, थांबतं. मालक म्हणतो हट्टी आहे. खाली गेला तर प्रत्येक पावलाला खांद्याचा सांधा पट्ट्याला आतून धक्का देतो.

इथे एका लाकडी दांडीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण मी पाहिलेल्या गाड्यांवर ती जवळपास कुठेच दिसत नाही. छातीपट्ट्याच्या दोन टोकांपासून ओढायचे दोन पट्टे निघून गाडीला जोडलेले असतात. जर ते थेट गाडीच्या चौकटीला पक्के बांधले, तर काय होतं? गाढव चालताना एक खांदा पुढे जातो, मग दुसरा. पट्टा तर पक्का. म्हणजे प्रत्येक पावलाला छातीवरून पट्टा इकडून तिकडे घासतो, करवतीसारखा. दिवसभराची पावलं मोजा. यावर उपाय जगात फार जुना आहे. दोन्ही पट्टे एका आडव्या दांडीच्या दोन टोकांना बांधायचे आणि ती दांडी मधोमध एका खिळीवर किंवा कडीवर गाडीला अडकवायची, म्हणजे ती मागेपुढे झुलते. डावा खांदा पुढे गेला की दांडीचं डावं टोक पुढे येतं. पट्टा छातीवर जागच्या जागी राहतो. हातभर लाकूड, दोन कड्या, एक खिळी. कुठलाही सुतार तासाभरात करून देईल. तुमच्या गाडीच्या किमतीत हिचा खर्च दिसणारसुद्धा नाही, पण ती नसल्याने होणारा खर्च माझ्या शिबिराच्या टेबलावर रोज दिसतो.

गाडी बनवणाऱ्या लोहार-वेल्डर बंधूंनीही हे पत्र वाचावं अशी इच्छा आहे. दोनचाकी गाडीत साज कितीही उत्तम असो, तोल चुकला की सगळं फुकट. माल पुढे जास्त झाला की गाढवाच्या दोन्ही बाजूंच्या दांड्या खाली दाबतात आणि सगळा भार गादीवर, म्हणजे पाठीवर. गाडी देण्याचा हेतूच मेला. माल मागे जास्त झाला की दांड्या वर उचलल्या जातात आणि पोटाखालचा पट्टा गाढवाला वर ओढतो. भरलेली गाडी सपाट जागेवर उभी करून दांड्यांची टोकं एका हाताने उचलून बघा. जरासंच वजन हाताला लागलं पाहिजे. आस कुठे ठेवायचा, विटा कुठवर रचायच्या, याची खूण गाडीच्या फळीवर रंगाने करून द्या. भट्टीवर विटा भरणाऱ्या बाईला तुमचं माहितीपत्रक वाचायला वेळ नसतो, रंगाची रेघ तिला दिसते. आणि दांड्यांची उंची गाढवाची असू द्या, तट्टूची नको. आपलं गावरान गाढव जेमतेम तीन-साडेतीन फुटांचं.

उतारावर काय, हा प्रश्न मला तुमच्यापैकी एकानेही विचारलेला नाही. ब्रेक नसलेली गाडी उतारावर गाढवाच्या मागच्या पायांवर येऊन आदळते. ती अडवायला पुठ्ठ्यामागून एक आडवा पट्टा लागतो, दोन्ही बाजूंनी दांड्यांना बांधलेला. गाढव त्यावर मागे रेलतं आणि गाडी धरून ठेवतं. तो फार वर बांधला तर शेपटीखाली सरकतो, फार खाली बांधला तर पाय काढून घेतो. पुठ्ठ्याच्या मागच्या हाडाच्या टोकाच्या जरा खाली, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. वाटलेल्या खोक्यांत हा पट्टा नव्हताच. ज्याने साज ठरवला तो कदाचित सपाट प्रदेशातला असेल.

लगामाबद्दल थोडक्यात. शक्यतो नकोच. भट्टीवरच्या हळू चालीच्या गाडीला चांगली रुंद मोरकी पुरते. आणि मोरकी किंवा लगाम चढवताना कान पिळून पट्ट्यातून काढायला लागू नयेत, एका बाजूला बक्कल ठेवा. कान दुखावलेलं गाढव मग डोक्याला हात लावू देत नाही, आणि मला त्याच्या दातांवर उपचार करायचे असतात.

आता सामानाचा मुद्दा. चामडं उत्तम, पण त्याला तेल हवं, निगा हवी. भट्टीवर राहणाऱ्या कुटुंबाकडे स्वतःच्या डोक्याला लावायला तेल पुरत नाही. तिथे रुंद सुती नवार आणि आतून नमदा, हे मला सगळ्यात व्यवहार्य वाटतं. नवार धुता येते. नायलॉनची दोरी स्वस्त आहे हे मान्य, पण ती कापते. आणि ते स्पंजचं स्वस्त अस्तर कृपा करून बंद करा. घाम शोषून ते ओलं राहतं, चार महिन्यांत चुरा होतो आणि आतली शिवण उघडी पडते. अस्तर असं लावा की ते सुटं काढून धुता येईल, बदलता येईल. घामाचं मीठ वाळून पट्ट्यावर खरखरीत थर चढतो, तो रोज ओल्या फडक्याने पुसला तर अर्ध्या जखमा होणार नाहीत. शिवाय एकाच साजात तीन गाढवं आळीपाळीने जुंपायची पद्धत थांबवायला हवी. एकाच्या मापाचं दुसऱ्याला बसत नाही हे तर झालंच, पण कातडीचे रोग आणि ग्लँडर्ससारखा जीवघेणा आजार सामायिक सामानातून पसरू शकतो. ग्लँडर्स माणसालाही होतो.

साज बसला की नाही हे ओळखायला माझी पदवी लागत नाही. काम संपल्यावर साज उतरवा आणि घामाकडे बघा. गादीखालची कातडी सारखी ओली असेल तर ठीक. ओल्या जागेत मधेच एखादा कोरडा ठिपका दिसला तर तिथे दाब जास्त आहे, घामसुद्धा फुटू शकला नाही एवढा. तीच उद्याची जखम. आणि करड्या अंगावर पांढऱ्या केसांचा पट्टा दिसला तर तो जन्मखुणेचा समजू नका, तिथे पूर्वी लागलेलं आहे. एखाद्या भट्टीवर गेलात तर एवढं एकच करा, पांढरे पट्टे बघत फिरा. कुठला पट्टा कुणी शिवला होता हे तुमचं तुम्हाला कळेल.

गाढव हे सांगत नाही, ही त्याची खोड. घोडा दुखलं की उधळतो, लाथ झाडतो, गाडी उलटवतो, आणि म्हणून घोड्याच्या साजाकडे लोक लक्ष देतात. गाढव घाबरलं किंवा दुखलं तर जागेवर थिजतं. कान मागे, शेपूट आत, डोळे अर्धे मिटलेले. पाहणाऱ्याला वाटतं अडून बसलं. मग चाबूक. आपल्या म्हणींनी गाढवाला मूर्ख ठरवलं, मला त्यावर वाद घालायचा नाही, पण ज्याच्या छातीवर उघडी जखम आहे त्याने पाऊल न टाकणं हा मूर्खपणा कसा, हे समजावून सांगणारा मला अजून भेटायचाय.

कायद्याची गंमत बघा. ओझं वाहणाऱ्या आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठी केंद्राचे १९६५ चे नियम आहेत. पाठीवर किती ओझं, याच्या यादीत गाढव आहे, ५० किलो. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग पाच तासांपेक्षा जास्त नको, तापमान ३७ अंशांवर जातं त्या भागात दुपारी बारा ते तीन जुंपू नये, काम झालं की साज उतरवावा, हेही त्यात आहे. चांगले नियम आहेत. पण गाडीत किती माल घालावा या यादीत बैल आहे, रेडा आहे, घोडा, खेचर, तट्टू, उंट आहे, गाढव नाही. तट्टूला ४०० ते ६०० किलो, चाकांना हवेचे टायर आहेत की नाहीत यावर. गाढवाला किती? नियम गप्प. आणि १९६० च्या मूळ प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जखमी जनावर कामाला लावल्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. त्या दंडाची भीती मलमाच्या एका नळीच्या किमतीएवढीही नाही. शिवाय तो भरणार कोण? भट्टीवर उचल घेऊन बसलेला गाढवाचा मालक. साज शिवणाऱ्याला आणि वाटणाऱ्याला त्या कायद्यात कलमच नाही. तेव्हा तुमच्याकडे मी कायदा घेऊन आलेलो नाही, विनंती घेऊन आलो आहे.

दुकानदार मला सांगतात, "डॉक्टर, गाढवाच्या मालाला गिऱ्हाईक नाही." निम्मं खरं आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वातीन लाखांच्या आसपास गाढवं होती, २०१९ मध्ये ती सव्वा लाखावर आली. बाजार आटतोय. पण जी आहेत ती फुकटची नाहीत. जेजुरीच्या बाजारात काठेवाडी गाढवाची किंमत हजारोंच्या घरात बोलली जाते. एवढे पैसे मोजणारा माणूस त्याच्या पट्ट्याला दोनशे-तीनशे रुपये देणार नाही, असं तुम्ही गृहीत कशावरून धरता? त्याला कधी दाखवलात का तो पट्टा? तुम्ही दाखवलात तट्टूचा. त्याने हाताने चाचपला, बसणार नाही हे त्याला तिथेच कळलं, आणि तो दोरीचं बंडल घेऊन घरी गेला.

माझं मागणं फार नाही. गाढवासाठी म्हणून दोन-तीन मापं ठरवा. ती ठरवताना खरी गाढवं मोजा : छातीचा घेर, कपाळाची रुंदी, कानामागून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर, पाठीपासून शेपटीपर्यंतची लांबी. मापाची फीत आणि पंच खोक्यात टाका. प्रत्येक पट्टा सुटा विका, म्हणजे एक तुटला तर सबंध साज टाकावा लागणार नाही.

आणि सेवाभावी मंडळींनो, तुम्हाला वेगळं सांगतो. शंभर साज वाटू नका, साठ वाटा. उरलेल्या पैशांत त्या गावचा किंवा त्या तालुक्याचा एक मोची धरा, त्याला गाढवाचा साज दुरुस्त करायला शिकवा आणि महिन्याने परत जाऊन त्याला त्या साठ गाढवांवरून हात फिरवायला लावा. त्याची मजुरी द्या. त्याचं नाव अहवालात घाला, फोटोही घाला, माझी हरकत नाही. वाटपाच्या दिवशी मंत्री येवोत न येवोत, हा मोची दुसऱ्या महिन्यात आला पाहिजे. आणि ज्यांची सरकारदरबारी ऊठबस आहे त्यांनी त्या १९६५ च्या यादीत गाडी ओढणाऱ्या गाढवासाठी एक ओळ घालून घ्यावी.

पौष पौर्णिमेला जेजुरीला गाढवांचा बाजार भरतो, तुम्हाला माहीतच असेल. घेणारे दात उघडून वय बघतात, पाय उचलून बघतात, चालवून बघतात. मी येत्या पौर्णिमेला तिथे फीत घेऊन असेन. काठेवाडी आणि गावरान दोन्ही मोजायचा विचार आहे, कारण त्यांच्या छातीत चांगलाच फरक पडतो. तुमच्यापैकी कोणी सुईदोरा, नवारीची गुंडाळी आणि पंच घेऊन आलं तर दिवसभरात एक नमुना तिथेच बसवून बघता येईल. मालक तयार आहेत, मी दोघा-तिघांशी बोललो आहे. गाढवाची परवानगी त्याच्या कानांवरून कळेल. चहा माझ्याकडून.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
मलम लावून दमलेला एक पशुवैद्यक

ता. क. : मोरक्यांना लाल-पिवळे गोंडे जरूर लावा. मालकांना आवडतात, पोरांना आवडतात, आणि गोंड्याने आजवर कोणाची कातडी सोललेली नाही. फक्त ते डोळ्यांवर येऊ देऊ नका.